पुदुच्चेरीत पाच दिवस : गावाला किती आणि भोवतालाला किती?

ओसरी

नमस्कार. येत्या जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, १३ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, पुदुच्चेरीला जाणार आहोत. चेन्नईपर्यंत विमानाने आणि तिथून गाडीने जायचे ठरले असून मुक्कामाला पाच रात्री हाताशी आहेत. गेले दोन आठवडे मी मिळेल ते वाचते आहे, परंतु पिवळ्या भिंती, बोगनवेलीखाली काढलेली छायाचित्रे आणि उपाहारगृहांच्या याद्या यांपलीकडे फारसे काही हाती लागलेले नाही. गावाला नेमका किती वेळ द्यावा हेसुद्धा त्यातून कळत नाही. कोणी म्हणते की अर्ध्या दिवसात सगळे पाहून होते, तर कोणी तीन दिवसही अपुरे पडल्याचे सांगते.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर त्या थांबत थांबत तासभर चालतात, पण जिने आणि चढ त्यांना झेपत नाहीत. त्यांना देवदर्शनाची ओढ आहे आणि जुन्या घरांचीही, कारण त्यांचे बालपण चौसोपी वाड्यात गेले. मुलाला गडकिल्ल्यांचे वेड आहे, आणि जिंजी तिथून जवळ आहे हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. मला स्वतःला हे गाव असे का वसले आणि तिथे कोण कोण राहिले, हे समजून घ्यायचे आहे. जिंजी, चिदंबरम, ऑरोविल, महाबलीपुरम आणि तरंगमबाडी अशी पाच नावे मी दिवसभराच्या सहलींसाठी लिहून ठेवली आहेत. ही सगळी बसवण्याचा हट्ट धरावा का, आणि धरू नये असे असेल तर कोणते नाव आधी खोडावे, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे, ही विनंती. राहण्याची जागा गावाच्या कोणत्या भागात घ्यावी, याबद्दलही लिहिलेत तर बरे होईल.

जुनीपाने

ओसरीताई, मी नोकरीच्या निमित्ताने चार वर्षे पुदुच्चेरीत राहिलो आहे, त्यामुळे गावाविषयी लिहितो. भोवतालाविषयी माझ्यापेक्षा अधिक फिरलेले लोक सांगतीलच. गावाला पूर्ण दोन दिवस द्या, पण ते सलग देऊ नका. जानेवारीतही सकाळी अकरानंतर ऊन चांगले तापते आणि चारपर्यंत रस्त्यावर चालणे कष्टाचे होते, तेव्हा दोन दिवसांचे मिळून चार तुकडे करा : दोन पहाटेचे आणि दोन संध्याकाळचे. दुपार सासूबाईंच्या विश्रांतीसाठी मोकळी ठेवा.

गाव समजून घ्यायचे असेल तर सुरुवात कालव्यापासून करावी. समुद्राला समांतर असा एक कालवा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. आज त्याचे रूप मोठ्या गटारासारखे झाले आहे आणि बहुतेक पर्यटक त्याच्याकडे न पाहताच तो ओलांडतात. पण या गावाची सगळी रचना त्या कालव्याने ठरवली. त्याच्या पूर्वेला, समुद्राच्या बाजूने, युरोपीय लोकांनी राहायचे आणि पश्चिमेला तमिळ लोकांनी, अशी ती विभागणी होती. फ्रेंच भाषेत या दोन भागांना गोऱ्यांचे गाव आणि काळ्यांचे गाव अशीच नावे होती. आज 'व्हाइट टाउन' हे नाव हॉटेलांच्या पाट्यांवर मोठ्या हौसेने लावले जाते. ते नाव कशावरून आले हे मुलाला जरूर सांगा, कारण ते भिंतींच्या रंगावरून आलेले नाही.

इतिहासाचा सांगाडा असा आहे. फ्रांस्वा मार्तँ याने १६७४ मध्ये इथल्या फ्रेंच वखारीचा पाया घातला. १६९३ मध्ये डचांनी गाव जिंकले आणि १६९९ मध्ये तहानुसार परत केले. काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचा जो आराखडा सगळे 'फ्रेंच' म्हणून वाखाणतात, तो मुळात या डच काळातला आहे. १७६१ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून गाव घेतले आणि अक्षरशः जमीनदोस्त केले. १७६५ मध्ये ते फ्रेंचांना परत मिळाले तेव्हा उभारणी जवळजवळ नव्याने करावी लागली, म्हणून आज आपण जे जुने म्हणून पाहतो ते बहुतेक त्यानंतरचे आहे. पुढेही दोनदा इंग्रजांनी गाव घेतले, आणि १८१६ नंतर मात्र ते स्वातंत्र्यानंतरच्या काळापर्यंत फ्रेंचांकडेच राहिले. इथला कारभार प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला, परंतु कायदेशीर हस्तांतर व्हायला १६ ऑगस्ट १९६२ उजाडावे लागले.

आता प्रत्यक्ष फिरण्याविषयी. पहिल्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास समुद्राकाठच्या रस्त्यावर जा. संध्याकाळपासून सकाळी साडेसातपर्यंत तो वाहनांना बंद असतो, त्यामुळे सासूबाईंना निर्धास्तपणे चालता येईल, आणि कठड्यावर बसायला जागाही पुष्कळ आहे. आपण कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेली माणसे समुद्रात मावळणारा सूर्य पाहत आलो. इथे तो समुद्रातून वर येतो, आणि चार वर्षे राहूनही मला त्याची पूर्ण सवय झाली नाही. याच रस्त्यावर १८३६ चा जुना दीपस्तंभ, गांधीजींचा पुतळा आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांचे फ्रेंच स्मारक आहे. तिथून आतल्या गल्ल्यांत शिरले की उंच भिंती, बंद फाटके आणि भिंतीवरून डोकावणारी झाडे दिसतात. फ्रेंच घराचे सगळे वैभव आत, बागेत आणि व्हरांड्यात असते. रस्त्याला ते केवळ भिंत दाखवते. एवढे लक्षात ठेवून पाहिले तर गल्लीगल्लीतून फिरून थकण्याची गरज नाही. दोन-तीन रस्ते शांतपणे पाहिले तरी पुरेसे आहेत.

दुसरी पहाट कालव्याच्या पश्चिमेसाठी ठेवा, आणि ती टाळू नका, कारण सासूबाईंचे मन खरे रमेल ते तिथेच. वैसियल स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या रस्त्यांवर जुनी तमिळ घरे जतन केलेली आहेत. रस्त्यालगत लाकडी खांबांवर उभी असलेली कौलारू पडवी, तिच्या मागे दाराच्या दोन्ही बाजूंना बांधलेला ओटा (त्याला तमिळमध्ये 'तिण्णै' म्हणतात), आणि आत आकाशाला उघडा चौक. त्या ओट्यावर वाटसरूने बसावे, पाणी मागावे, ही रीत होती. आपल्या ओसरीशी त्याचे नाते इतके जवळचे आहे की तुमचे टोपणनाव पाहूनच मला हे लिहावेसे वाटले. माझ्या ओळखीच्या एका घरात ओट्याच्या कडेचा लाकडी खांब बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर आरशासारखा गुळगुळीत झाला होता, आणि त्याच्या वर-खाली मात्र रंगाचे जुने थर तसेच होते. कितीजणांनी तिथे पाठ टेकली असेल याचा हिशेब तो खांबच देत होता.

या भागातली श्रीमंत घरे नीट पाहिली तर एक गंमतीदार मिश्रण दिसते : खालचा मजला तमिळ, म्हणजे ओटा आणि लाकडी खांब, तर वरचा मजला फ्रेंच, म्हणजे कमानीच्या खिडक्या आणि चुन्याचे गोल स्तंभ. फ्रेंच गव्हर्नर द्युप्लेक्सचा दुभाषी आणि गावातला बडा व्यापारी आनंद रंग पिळ्ळै (१७०९–१७६१) याचा वाडा याच धाटणीचा असून तो मोठ्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे. या गृहस्थाने १७३६ पासून जवळजवळ मृत्यूपर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. त्यात लढाया आणि तह आहेतच, शिवाय मालाचे भाव, जहाजांची ये-जा आणि गव्हर्नराच्या घरातली भांडणेही आहेत. 'इथे कोण कोण राहिले' या तुमच्या प्रश्नाला त्या रोजनिशीएवढे भरघोस उत्तर दुसरीकडे मिळणार नाही.

मणकुळ विनायगर हे गणपतीचे देऊळ कालव्याच्या पूर्वेला, म्हणजे फ्रेंच भागात आहे, आणि ते फ्रेंचांच्या आधीपासूनचे आहे. सकाळी लवकर गेल्यास दर्शन निवांत होते.

राहण्याबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना आहे. जुन्या घरांची जी अतिथिगृहे झाली आहेत, त्यांत उद्वाहक बहुधा नसतो आणि लाकडी जिने अतिशय उभे असतात. माझे आईवडील आले तेव्हा छायाचित्रे पाहून मी एक सुंदर खोली घेतली होती. खोली वरच्या मजल्यावर आहे हे मला तिथे पोचल्यावर समजले, आणि आईने तीन दिवस जेवणाखेरीज खोली सोडली नाही. तेव्हा भाग कोणताही निवडा, पण तळमजल्याची खोली फोनवर बोलून पक्की करा. शनिवार-रविवारी आणि २६ जानेवारीच्या आसपास चेन्नई आणि बंगळूरूची गर्दी लोटते. शक्य असल्यास सोमवार ते गुरुवार गावात राहा.

कडेकपारी

जुनीपाने यांनी गावाविषयी इतके नेमके लिहिले आहे की मी थेट जिंजीकडे वळतो. ताई, पाच नावांपैकी चार खोडावी लागली तरी हे एक ठेवा, आणि ते केवळ मुलाच्या हौसेखातर नव्हे.

पुदुच्चेरीपासून जिंजी सुमारे ७० किलोमीटर आहे, तिंडिवनममार्गे गाडीने दीड ते दोन तास लागतात. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत हा किल्ला घेतला आणि त्याची तटबंदी बळकट करवून घेतली. त्या दूरदृष्टीचे मोल बारा वर्षांनी कळले. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून १६८९ च्या अखेरीस इथे पोचले, आणि पुढची सुमारे आठ वर्षे मराठ्यांची राजधानी सह्याद्रीपासून इतक्या दूर, या तमिळ मुलखात होती. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा सैल-घट्ट होत चालूच राहिला. १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला तेव्हा महाराज आधीच निसटून गेले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला जिंजी आहे.

मुलाला आधीच सांगून ठेवा की इथे सह्याद्रीसारखे ताशीव काळे कडे दिसणार नाहीत. इथल्या टेकड्या म्हणजे घराएवढ्या, तांबूस-करड्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांचे ढीग आहेत, जणू कोणी एकावर एक रचून ठेवलेले, आणि तट त्या धोंड्यांच्या मधल्या फटी बुजवत वर चढत जातो. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग या तीन टेकड्यांना मिळून बाहेरून एकच लांबलचक तट घातलेला आहे. राजगिरी सर्वांत उंच आहे; पायऱ्यांची वाट चांगली आहे, पण मध्ये सावली कमी असल्याने चढायला दीड तास धरावा. माथ्याजवळ खडकाला एक खोल भेग पडलेली आहे आणि ती पुलावरून ओलांडावी लागते. तो पूल काढून घेतला की माथा तुटून वेगळा होत असे, आणि आठ वर्षे हा किल्ला कसा टिकला हे त्या जागी उभे राहिल्यावर कोणालाही सांगावे लागत नाही. पुदुच्चेरीहून पहाटे सहाला निघा, म्हणजे आठ-साडेआठला चढाई सुरू करता येईल. दुपारी उशिरा आलेल्यांना वर सोडत नाहीत. माकडे धीट आहेत, खाण्याची पिशवी हातात दिसली की ती हिसकावतात, म्हणून पाणी आणि खाऊ पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बाहेरच्या तटाला पूर्वेकडे जो दरवाजा आहे, त्याचे नावच पुदुच्चेरी दरवाजा आहे. १७५० मध्ये फ्रेंचांनी हा किल्ला घेतला आणि १७६१ पर्यंत तो त्यांच्या ताब्यात होता. त्या दरवाजाच्या आतल्या बाजूला वेंकटरमणाचे मोठे देऊळ आहे. पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती जे उंच कोरीव दगडी खांब उभे आहेत, ते या जिंजीच्या देवळातून फ्रेंचांनी नेलेले आहेत. रोज हजारो लोक त्या खांबांपाशी छायाचित्रे काढतात आणि ते कुठून आले हे कोणी विचारत नाही, याचे मला दरवेळी वाईट वाटते. म्हणून माझा आग्रह असा आहे की पहिल्या दिवशी ते खांब पाहा, मग जिंजीला जाऊन ज्या देवळातून ते आले ते देऊळ पाहा.

सागरिका

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी कडेकपारी यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. ज्या घरात गुडघे दुखणाऱ्या आजी आहेत, त्या घराने सहलीचा सगळा भर एका डोंगरी किल्ल्यावर देऊ नये. माझ्या मते पहिला मान चिदंबरमला द्यावा. अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे, देवळाचा सगळा विस्तार सपाट आहे आणि नटराजाचे दर्शन हा सासूबाईंसाठी आयुष्यभराचा ठेवा होईल. पंचमहाभूतांपैकी आकाशतत्त्वाचे हे क्षेत्र मानले जाते. गाभाऱ्यावरचे छत सोन्याच्या पत्र्याचे आहे, आणि गोपुरांच्या आतल्या भिंतींवर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांची, म्हणजे नृत्यातल्या हालचालींची, शिल्पे ओळीने कोरलेली आहेत. मान वर करून सावकाश पाहायला अर्धा तास हाताशी ठेवावा.

मात्र वेळेचे भान ठेवायला हवे. दुपारी देऊळ बंद होते आणि संध्याकाळीच उघडते. आम्ही रमतगमत निघालो, वाटेत न्याहारीला थांबलो, आणि पोचलो तेव्हा दरवाजे लागत होते. पुढचे चार-पाच तास आम्ही गोपुराच्या सावलीत बसून काढले. तुम्ही सहाला निघून आठपर्यंत पोचा. देऊळ पाहून झाल्यावर जवळच पिचावरमची खारफुटी आहे, तिथे वल्ह्यांच्या होडीतून अरुंद वाटांनी हिरव्या बोगद्यात शिरल्यासारखे फिरता येते. मुलाला ते आवडेल, पण होडीत चढता-उतरताना आधार लागतो, तेव्हा सासूबाईंच्या बाबतीत तिथे पाहून ठरवा.

तरंगमबाडी खोडा, असे जड मनाने सांगते. ते गाव मला पुदुच्चेरीहूनही अधिक भावले : १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी समुद्राच्या अगदी तोंडावर बांधलेला डान्सबोर्ग किल्ला, १८४५ मध्ये इंग्रजांना विकून टाकेपर्यंत टिकलेली त्यांची ती चिमुकली वसाहत, आणि १७०६ मध्ये आलेल्या त्सिगेनबाल्ग या धर्मोपदेशकाने उभारलेला तमिळ छापखाना. तंजावरच्या सरफोजी राजांना ज्यांनी शिकवले ते श्वार्ट्झ हे धर्मोपदेशकही १७५० मध्ये याच गावात आले होते. पण एकेरी अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे, आणि जाऊन-येऊन सहा तास गाडीत बसणे सासूबाईंना जाचेल. पुढे कधी तंजावरला गेलात तर तिथून या.

ओसरी

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री जेवताना वरचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. खांबांची हकिकत ऐकून मुलगा ताटावरून उठून नकाशा घेऊन आला, आणि गुळगुळीत झालेल्या खांबाचे वर्णन ऐकल्यावर सासूबाई आपल्या माहेरच्या ओसरीविषयी बराच वेळ बोलत राहिल्या.

तरंगमबाडी खोडली. दोन शंका अजून उरल्या आहेत. एक म्हणजे, जिंजीच्या दिवशी सासूबाईंना गावातच ठेवावे की बरोबर न्यावे? मुलगा आणि यजमान वर गेल्यावर आम्हा दोघींना पायथ्याशी तीन-चार तास घालवण्याजोगे काही आहे का? दुसरी शंका ऑरोविल आणि महाबलीपुरमविषयी आहे, कारण त्यांचा कोणीच उल्लेख केला नाही.

कडेकपारी

सागरिकाताईंचा मुद्दा मला मान्य आहे; आजींचा विचार मी आधी करायला हवा होता. तरीही त्यांना बरोबर न्यावे असेच मी म्हणेन. राजगिरीच्या पायथ्याशी, बालेकिल्ल्याच्या सपाट भागात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कल्याण महाल ही मनोऱ्यासारखी वर निमुळती होत गेलेली बहुमजली इमारत, तिच्याभोवतीचा चौक, जाड भिंतींची धान्यकोठारे आणि हत्तींसाठी बांधलेले तळे, एवढे पाहून झाडाखाली बसावे. वेंकटरमणाचे देऊळ तिथून जवळ आहे, तेही सपाटीवर. चौघांनी ते शेवटी एकत्र पाहावे, म्हणजे मुलाला जे दाखवायचे ते आजींच्या समक्ष दाखवता येईल. गाडीवाले बहुधा जिंजीला जोडून तिरुवण्णामलैचाही आग्रह धरतात, कारण ते पुढे ३७-३८ किलोमीटरवरच आहे. तो आग्रह मानू नका. दोन्ही ठिकाणी घाई होते आणि परतायला रात्र होते.

एक पुरवणी. चिदंबरमला जाताना वाटेत कडलूर लागते. तिथल्या समुद्राकाठचा किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये मराठ्यांकडून, म्हणजे जिंजीत असलेल्या राजाराम महाराजांच्या दरबाराकडून विकत घेतला आणि त्याला फोर्ट सेंट डेव्हिड असे नाव दिले. सौद्यात असे ठरले होते की किल्ल्यावरून डागलेला तोफेचा गोळा जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंतची गावे इंग्रजांची. त्यांनी सर्वांत लांब पल्ल्याची तोफ आणून चारी दिशांना गोळे डागले, आणि त्या हद्दीतल्या गावांना पुढे 'गोळ्याची गावे' म्हणत. किल्ल्याचे आज फारसे काही उरलेले नाही, म्हणून थांबण्याची गरज नाही, पण गाडी कडलूरमधून जाताना मुलाला हे सांगता येईल. जिंजीतल्या वेढलेल्या दरबाराला पैशांची किती निकड होती आणि किनाऱ्यावरचे परदेशी व्यापारी त्या निकडीचा कसा उपयोग करून घेत होते, हे या एका व्यवहारातून स्पष्ट दिसते.

जुनीपाने

ऑरोविल या आंतरराष्ट्रीय वसाहतीसाठी अर्धा दिवस पुरे होतो. ते गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी त्याची स्थापना झाली, तेव्हा १२४ देशांची माती एका कलशात एकत्र केली होती. मातृमंदिराचा सोनेरी गोल बाहेरून पाहण्यासाठी स्वागतकेंद्रापासून सुमारे एक किलोमीटर सावलीची पायवाट आहे. आत बसायचे असल्यास आधी नोंदणी करावी लागते, आणि ते शांत बसून ध्यान करण्याचे स्थान आहे, पाहण्याचे नव्हे, हे ध्यानात घेऊनच जावे. ज्यांना तशी ओढ नाही त्यांनी बाहेरून पाहून समाधान मानणे योग्य ठरेल.

त्यापेक्षा श्री अरविंदांचा आश्रम पाहण्याला मी अधिक महत्त्व देईन. तो गावातच आहे, आणि चालण्याचा त्रास नाही. अरविंद १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या चाकरीत होते आणि त्या काळात ते मराठीही शिकले, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. इंग्रज सरकारच्या हाताबाहेर राहण्यासाठी ते एप्रिल १९१० मध्ये या फ्रेंच गावात आले आणि डिसेंबर १९५० मध्ये देह ठेवेपर्यंत इथून हलले नाहीत. कवी सुब्रह्मण्य भारती त्यांच्या आधीच, १९०८ मध्ये, याच कारणासाठी इथे आले होते. त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. एका साम्राज्याच्या हद्दीचा उपयोग दुसऱ्या साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्यांनी कसा करून घेतला, हे या दोन पत्त्यांवरून समजते. आश्रमात समाधीपाशी पूर्ण शांतता पाळतात आणि छायाचित्रे काढू देत नाहीत. झाडाखाली फुलांनी झाकलेल्या त्या संगमरवराभोवती लोक डोळे मिटून बसलेले असतात. सासूबाईंना तिथून लवकर उठवू नका.

महाबलीपुरम पुदुच्चेरीहून वेगळी सहल म्हणून करू नये. ते चेन्नईहून येतानाच्या किनारी रस्त्यावर आहे. तुमचे विमान सकाळी उतरत असेल तर येतानाच तिथे दोन-तीन तास थांबा, म्हणजे एक पूर्ण दिवस वाचेल.

मला आणखी एक जागा सुचवायची आहे, ती म्हणजे गावाच्या दक्षिणेला चार किलोमीटरवर असलेले अरिकमेडू. १९४५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथे उत्खनन केले आणि रोमशी असलेल्या व्यापाराचे पुरावे, म्हणजे मद्याच्या कुंभांचे तुकडे आणि इटलीत बनलेली तांबडी भांडी, यांच्या आधारे दक्षिण भारतातल्या प्राचीन थरांचा काळ निश्चित करता आला. प्रत्यक्ष जागेवर नदीकाठची आमराई आणि विटांच्या जुन्या भिंतींचे अवशेष यांखेरीज काही नाही, आणि त्या भिंतीसुद्धा अठराव्या शतकातल्या धर्मोपदेशकांच्या आहेत. म्हणून आधी गावातल्या वस्तुसंग्रहालयात तिथे सापडलेले मणी आणि कुंभ पाहा. मन ओढ घेईल तरच रिक्षाने जाऊन या. ज्या गावाला आपण फ्रेंच म्हणतो, त्याच्या शेजारी त्याच्याहून सोळा-सतरा शतके आधी परदेशी जहाजे माल उतरवत होती, एवढे तिथे उभे राहून जाणवले तर ती फेरी सार्थकी लागली असे मी समजतो.

ओसरी

आराखडा असा ठरला आहे. पहिल्या दिवशी चेन्नईहून येताना महाबलीपुरम आणि संध्याकाळी फक्त समुद्राकाठ, खांबांसह. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेंच भाग आणि विनायगर, दुपारी विश्रांती, संध्याकाळी आश्रम. तिसऱ्या दिवशी जिंजी, सर्वांनी मिळून. चौथ्या दिवशी उशिरा उठून वस्तुसंग्रहालय, आणि संध्याकाळी ऑरोविलची पायवाट, तीही सासूबाईंना उत्साह असेल तर. पाचव्या दिवशी चिदंबरम, पहाटे सहाला निघून. सहाव्या दिवशी परतीच्या गाडीआधीची संपूर्ण सकाळ आम्ही कालव्याच्या पश्चिमेसाठी ठेवली आहे. सासूबाईंनी तशी स्वतःहून मागणी केली, कारण निघताना शेवटी पाहिलेले घर ओट्याचे असावे, असे त्या म्हणाल्या.

तळमजल्याची खोली आज फोनवर बोलून पक्की केली. पलीकडच्या गृहस्थांना दोनदा विचारले, आणि दारात तीन पायऱ्या आहेत, त्यांना कठडा आहे, एवढेही त्यांनी आपणहून सांगितले.